'येतो' म्हणून गेलेला

पौड, माघ शु. पंचमी
बुधवार, ३० जानेवारी १९६३

प्रिय हैबती,

सप्रेम नमस्कार. सभेत तुला हैबतरावसाहेब म्हणायची माझ्या जिभेला सवय झाली आहे, पण कागदावर तू हैबतीच. पाठशाळेत माझ्या शेजारी बसून 'गम्' धातू चालवताना ज्याला घाम फुटायचा, तो. हे पत्र तुझ्या चिटणिसाने आधी फोडलं तर खुशाल वाचू दे त्याला. थोडं व्याकरण सुधारेल.

इकडे सर्व क्षेम. हिला महिनाभर खोकला होता, तो अडुळशाच्या काढ्याने गेला की काढ्याच्या भीतीने, हे कळायला मार्ग नाही. थंडी यंदा हटत नाही. मुळा नदीवर नऊ वाजेपर्यंत धुकं असतं. हरभरा बरा आहे.

बुधवारी शाळेच्या वेळेला मी ओटीवर बसून पत्र कसा लिहितोय, असं तुझ्या मनात आलं असेल. तो विषय पुढे घेऊ, किंवा घेणारही नाही. पत्राचं खरं कारण आभार. शनिवारी झेंडावंदनाला तू जे केलंस त्याबद्दल मला तुझे आभार मानायचे आहेत, आणि तुझे आभार मानायचा सराव नसल्यामुळे जरा लांबण लागेल.

आभार भाषणाबद्दल नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या याच खांबाखाली उभं राहून तू आम्हाला सांगितलंस की शेजारी भला आहे, उत्तरेची काळजी नको. शनिवारी सांगितलंस की शेजारी कपटी निघाला आणि जे झालं ते अटळ होतं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. झेंडावंदनाची ही मोठी सोय आहे बघ. समोरचा माणूस सावधानमध्ये उभा असतो, आणि सावधानमधल्या माणसाला हात वर करता येत नाही. हेच तू चहाच्या हॉटेलात बोलला असतास तर कुणीतरी बशीतला घोट संपवून विचारलं असतं, की साहेब, पोरांना कापडी बुटांवर बर्फात कुणी धाडलं? तयारी नव्हती तर धाडायची घाई कुणाला होती? झेंड्याखाली कोण विचारणार? तूच विचारलंस आणि तूच उत्तर दिलंस.

"असले प्रश्न विचारणाऱ्यांनी या वीरपत्नीकडे पाहावं. तिने सर्वस्व दिलं. ती विचारते का?" असं म्हणून तू सखूकडे हात केलास.

आता तुला त्या वेळी ठाऊक नव्हतं ते सांगतो. सखू ही कान्हूची बायको, आणि तिच्या शेजारी बसली होती ती कान्हूची आई तुळजाबाई. वाडी धरणाच्या वर, डोंगराच्या कुशीत. कान्हू पलटणीत होता, पलटण नेफात, चीनच्या सरहद्दीवर गेली, आणि मार्गशीर्षात तार आली की तो बेपत्ता आहे. तार एवढंच म्हणाली. तुझ्या तालुका कमिटीचा वाल्मीक सत्काराची नावं गोळा करत वाडीवर चढला. वाल्मीक भला माणूस आहे. आईला तोंडावर 'मेला का' विचारणं त्याच्याच्याने होईना. त्याने खाली मान घालून हळूच विचारलं, कान्हू कधी गेला? ती म्हणाली, घट बसायच्या आदी ग्येला. गणपतीला रजेवर आला होता, तिथून परत पलटणीत गेला, असं तिचं म्हणणं. वाल्मीकने डोळे मिटले, हात जोडले, कोरा चहा प्याला आणि खाली येऊन कान्हूचं नाव हुतात्म्यांत घातलं.

झालं ते एवढंच. आपल्या भाषेत माणूस बाजाराला गेला तरी गेला, आणि मसणात गेला तरी गेलाच. 'जाणे' अर्थाच्या ज्या 'गम्' धातूने तुला पाठशाळेत रडवलं, त्यानेच वाल्मीकला वाडीवर फसवलं. दोष द्यायचा तर धातूला दे.

मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते सकाळी झेंड्यापाशीच माझ्या हातात पडलं. त्यात 'वीरगतीस प्राप्त' होतं. तबकात नारळ होता आणि पांढरं लुगडं होतं. मी सखूकडे पाहिलं. कपाळभर कुंकू, हातात संक्रांतीला भरलेल्या हिरव्या बांगड्या. जवानाच्या घरच्यांना सरकार बोलावतंय म्हणून दोघी पहाटेच्या चालत आल्या होत्या, खूश होत्या. मला वाटलं, मधल्या काळात काही कळलं असेल आणि मलाच ठाऊक नसेल. म्हणून तुझं भाषण चालू असताना मी तुळजाबाईपाशी वाकून विचारलं, वीरगतीचं पत्र आलं का हो? ती म्हणाली, "गुर्जी, वीरगती म्हंजी काय वो?"

हैबती, या शब्दाचे मला चार अर्थ सांगता आले असते, आणि चारही तेजस्वी. मी म्हटलं, "तुमचा कान्हू मेला, असं सांगतायत, बाई."

ती उठली. तेवढ्यातच तुझं ते वाक्य आलं, 'ती विचारते का?' पुढचं तू ऐकलंस, तरी लिहून ठेवतो, कारण ऐकलेलं पुढारी विसरतात.

"सायेब, माजा ल्योक 'येतो' म्हनून गेलाय. सरकार म्हनतंय घावत न्हाई. घावत न्हाई म्हंजी मेला व्हय? बायकूचं कुकू तिच्या कपाळाला हाय. ते पुसाया तुमी कोन?"

आवाज चढवला नव्हता तिने.

आता आभार. वाल्मीक तिला खाली बसवायला धावला होता. 'राष्ट्रीय प्रसंग आहे, बाईंना आवरा' एवढं तू म्हणाला असतास तरी पुरलं असतं. आम्ही सगळे सावधानमध्येच होतो. तू वाल्मीकचा हात धरलास. हातातले कागद घडी करून खिशात घातलेस. आणि कर्ण्यावरून म्हणालास, "चूक आमची झाली." तुझ्या आयुष्यातलं सर्वांत आखूड भाषण. व्याकरणातही निर्दोष.

मग पहिल्या रांगेतल्या बाबालालला तू विचारलंस, दुकानात हिरवं लुगडं आहे का. बाजारपेठेतल्या या कापडवाल्याला पळताना पौडने त्या दिवशी प्रथम पाहिलं. पांढरं लुगडं त्याच्याच दुकानातलं होतं, ते परत नेताना त्याने काखेत असं दडपलं होतं की जणू चोरीचा माल. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच, तेव्हा मुहूर्त कुणी विचारला नाही. सरपंचांच्या लीलाबाईंनी वर जाऊन सखूला कुंकू लावलं, तिची ओटी भरली. नारळ तबकातलाच. सखू तुझ्या पाया पडायला वाकली तर तू मागे सरलास आणि स्वतः तुळजाबाईपुढे वाकलास.

हैबती, चुका दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण व्यासपीठावर, झेंडा वर गेल्यानंतर, चार गावांसमोर कुणी आपली चूक खोडलेली मी पाहिली नव्हती. तू ते केलंस. एका बाईला चुकून विधवा होण्यापासून वाचवलंस. मी तुझा मित्र आहे याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. एरवी सांगायला संकोच वाटतो.

मात्र ते कागद तू खिशात घातलेस, फाडले नाहीस, हे मी पाहिलं आहे. पुढच्या झेंडावंदनाला ते पुन्हा बाहेर येतील. तेव्हा भांडू.

आता बुधवारचं. तू गेल्यावर, म्हणजे मोटारीत बसून गेल्यावर, कमिटीतल्या कुणीतरी वर लिहिलं की गुरुजीने राष्ट्रीय प्रसंगी एका स्त्रीस चिथावणी दिली. 'चिथावणी' शुद्ध लिहिलं होतं, नाहीतर दुरुस्त करून परत पाठवलं असतं. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा निरोप आहे. ही म्हणते, बरं झालं, परसातली भिंत लिंपून होईल. शाळेच्या घंटेला अजून पाय आपोआप उचलले जातात, एवढीच पंचाईत.

तुझा एक शब्द गेला तर हे मिटेल, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहिणार नव्हतो. माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. टाकायचा तर कान्हूसाठी टाक. पकडलेल्यांच्या याद्या येतायत म्हणे, आणि दिल्लीत तुझी उठबस आहे. वाडीवर परतताना तुळजाबाई मला म्हणाली, "तुमच्या सायबाला इचाराया लावा. आमी इचारलं तर कोन सांगनार?" ती विचारते का, असं तू म्हणाला होतास ना? विचारते आहे.

जिवंत असेल तर तार कर. नसेल तर तार नको, पत्र नको. तू स्वतः वाडीवर चढून जा आणि तुझ्या तोंडाने सांग. बरोबर हारतुरे नकोत, मोटारींची रांग नको, आणि कुठलाही झेंड्याचा दिवस नको. साधा मंगळवार बघ. मला फक्त वार कळव, बाकी मी समजेन. चढणीच्या पायथ्याशी थांबतो, तुझ्याबरोबर चढेन.

तुझा ऋणी, आणि भांडण राखून ठेवलेला,
धुंडिराज