मुर्ध्याच्या वळणावर हे थांबले

१४ जाने. १९७५, मंगळ
संक्रांत. गूळ भिकार निघाला, लाडू वळता वळेनात. दोघे भाऊ पहाटे धावायला गेलेले ते उन्हं वर आल्यावर घरात. मी बोलले, सणाच्या दिवशी तरी! हे नुसते हसले. वसंतभावजी म्हणाले, "वहिनी, सव्वीस जानेवारी काय सणासाठी थांबणार आहे?"
मंडळाची शर्यत. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेहून निघायचं, मिठागरांच्या कडेने मुर्धा, राई, मोर्वा, आणि त्याच रस्त्याने परत. दोन वर्षं हेच पहिले. दिवसभर कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचं, नाकातोंडात काळी धूळ, आणि तरी असा धावतो हा माणूस. शैला शाळेत सांगत सुटलीये, या वर्षीपण माझेच बाबा.

१९ जाने., रवि
भावजींच्या नोकरीचं काही होत नाही. मॅट्रिक होऊन घरात बसलेत. यांच्या कारखान्याच्या शेठना गोडाऊनला माणूस हवाय, यांनी दिवाळीआधीच विचारून ठेवलंय. शेठ म्हणतात, "बघू." आजपण बघूच.
यांनी जेवताना सांगितलं, शेठचा भाचा नरेश यंदा शर्यतीत आहे. कॉलेजात जातो, बूट मुंबईहून आणलेत. मी म्हटलं, धावू दे की, रस्ता काय आपल्या बापाचा आहे? शैला खो खो हसली. हे हसले नाहीत.

२५ जाने., शनि
कप यंदा शेठ देणार म्हणे. दोघांच्या बनियन धुऊन वाळत घातल्या. यांनी भात अर्धा टाकला. विचारलं तर, "उद्या जड नको." बरं.

२६ जाने., रवि
सकाळी घरून, गोडदेवहून, रेल्वेचं फाटक ओलांडून मी नि शैला पश्चिमेला. मिठागराच्या बांधापाशी उभ्या राहिलो, तिथे रस्ता सरळ आहे, लांबून दिसतं. जाताना हे सगळ्यांत पुढे! मागे मोकळा रस्ता, मग नरेश, मग घोळक्यात भावजी. मी ओरडले, लाज सोडून ओरडले. बाजूच्या बायका बघायला लागल्या. बघू देत.
परत येताना पहिला नरेश.
मला वाटलं माझी नजर चुकली. मग हे आले. मी ओरडतेय, "पळा! अजून आहे रस्ता, गाठाल त्याला!" यांनी माझ्याकडे बघितलं नि मान दुसरीकडे वळवली. तोंड मिटलेलं. श्वास लागलेला माणूस तोंड मिटून धावतो का?
भावजी चौथे. पोहोचल्यावर ओकले बिचारे, पण खूश.
शेठने स्वतःच्याच भाच्याला कप दिला, फोटो काढला. हे म्हणाले पोटरीत गोळा आला. घरी तेल लावून चोळलं. कुठली पोटरी तेपण यांना आधी आठवेना.

२७ जाने., सोम
शेठचा निरोप, "भाऊला उद्यापासून पाठव." भावजी माझ्या पाया पडले. मी म्हटलं, माझ्या का, दादाच्या पडा. हे पाणी प्यायला आत गेले.
गोड शिरा केला. घरात सगळे आनंदात. मी माझा शिरा शैलाच्या ताटात टाकला, का ते कळेना.

२९ जाने., बुध
आता कळलं.
सकाळी हिराबाय मासे घेऊन आली. ती मुर्ध्याची, वळणावरच तिचं घर. टोपली उतरवता उतरवता म्हणते, "तुजा नवरा कसा गो थांबला?"
म्हटलं, पोटरीत गोळा आला.
"कसला गोला? मी दारान उबी व्हती. तो एकलाच आला पलत. वलनावर उबा रायला. मागं वलून बगला. मी म्हनला, पानी देऊ काय रं? तं म्हनतो न्हाय नको. तो गोरा पोर पुढं गेला, मंग हा पलाया लागला."
मी दोनदा विचारलं. दोनदा तेच. "माजे डोले अजून फुटलं न्हाय," म्हणाली नि बांगडे देऊन गेली. बांगडे तसेच पडले. मांजराने नेला एक.
दिवसभर अंगाची आग. मी घसा फोडून ओरडत होते. कोणासाठी? शैला बांधावर चढून ओरडत होती.
संध्याकाळी हे आले, हात धूत होते, तिथेच विचारलं.
परत साबण लावत म्हणाले, "वसंताचं काम झालं ना?"
"शेठने सांगितलं तुम्हाला थांबायला?"
"नाही."
"मग कोणी सांगितलं?"
"कोणी नाही. शेठ एवढंच बोलले, दिनकर, इस साल भी तू ही क्या? हसत बोलले. मी काय ते समजलो."
कोणी सांगितलंसुद्धा नाही! एवढ्यावर हे समजले! मागितलं नसताना यांनी नेऊन दिलं. शेठने धमकी दिली असती, तर मी शेठला शिव्या घातल्या असत्या आणि यांच्या पायाला तेल लावलं असतं. आता शिव्या कोणाला घालू?
मी जे तोंडाला आलं ते बोलले. चाळीतल्यांनी ऐकलं असेल. भावजी दारात उभे होते, डबा हातात. त्यांनी तर सगळंच ऐकलं. ऐकलं तर ऐकलं. त्यांच्याच नावावर झालेला सौदा, त्यांना कळायला नको?

३० जाने., गुरु
भावजी कामावर गेले नाहीत. म्हणजे गेले, शेठला तोंडावर सांगून परत आले. "माझ्या भावाने तुमच्या भाच्यासाठी शर्यत सोडली म्हणून ही नोकरी असेल तर मला नको." शेठ म्हणे आधी समजलेच नाहीत, मग लालबुंद झाले.
यांचा भावजींवर हात उठला. आजवर कधी नाही. मी मधे पडले.
हे म्हणतात, "तुझ्यासाठी केलं नि तू मलाच तोंडावर पाडलंस!"
भावजी म्हणाले, "दादा, मी त्या दिवशी तुला गाठायला जिवाच्या आकांताने धावत होतो."
यांनी हात खाली घेतला. शैला रडत होती. तिला काय सांगायचं?

१ फेब., शनि
नरेश आला. इथे, गोडदेवला, आमच्या खोलीत! हातात कप. मी स्टूल पुढे केलं, बसला नाही. कारखान्यात पॉलिशवाले त्याच्या तोंडावर हसतात म्हणे.
"दिनकरभाई, मेरे को भीख में दिया आपने?"
हे म्हणाले, "अरे नरेश, बैठ तो सही."
"पूरी बारिश दौड़ा मैं. रोज. सबको बोला, इस बार दिनकरभाई को पकडूंगा. पकड़ने तो देते!"
मला वाटलं होतं माज करायला आलाय. हा तर माझ्याइतकाच पेटलेला. कप चुलीशेजारी ठेवला, म्हणाला, "कल सुबह. वही रास्ता. आप और मैं."
हे नको नको म्हणत होते. मी म्हटलं, येतील ते.
यांनी माझ्याकडे असं बघितलं! बघू देत. बोलले मी.

२ फेब., रवि
गेले. मला विचारलं नाही, ये म्हणून. मी आपणहून गेले, भावजी पण. शैलाला नाही नेलं. आज मिठागराशी नाही, सरळ मुर्ध्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले, हिराबायच्या दारात. आज मला डोळ्यांनी बघायचं होतं.
जाताना दोघे बरोबर. परत येताना नरेश पुढे, हे पाठी. फार नाही, हाक मारली तर ऐकू जाईल एवढेच. तोंड उघडं, मान एका बाजूला पडलेली, बनियन छातीला चिकटलेली. वळणावर थांबले नाहीत. हिराबाय म्हणाली, "आज पलतोय गो, मनापासून पलतोय."
पण मला काही सांगता येईना. दमल्यासारखे दिसत होते. पण शेठ रागावलेत, कामावर ठेवतील की नाही ते नक्की नाही, तेपण डोक्यात असणारच. भावजी माझ्या शेजारी मुठी आवळून उभे. तेपण ओरडले नाहीत. ओरडायचं तर काय ओरडायचं? खरं धावा?
वळणापासून भावजी दोघांच्या मागे धावत गेले, पुढचं त्यांनीच सांगितलं. नरेशच पहिला पोहोचला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, श्वास परत आल्यावर यांच्या तोंडाकडे बघत राहिला. "सच?" एवढंच विचारलं. हे म्हणाले, "सच." तो निघून गेला. कप आमच्याकडेच.
घरी आल्यावर यांनी पाय लांब केले नि म्हणाले, "आज खरंच नाही जमलं गं. पोरगा चांगला धावतो."
भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे. पाय थरथरत होते यांचे, हे खरं. तळव्याला फोड आलाय, तेपण खरं.
इतका संताप आला मला. उठून यांच्या पायांसाठी पाणी तापत ठेवलं. हे परत म्हणाले, "तुझा विश्वास नाही का?"
पाणी अजून कोमट आहे, असं मी सांगितलं.