टाकीमागची गार जागा

बोईसर, ९ मे २०२५

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ओरडता, मी ओरडते आणि अर्ध्या एडवणला आपल्या घरच्या बातम्या कळतात. त्यापेक्षा कागद बरा. कंप्रेसरने तुमचे कान नेले, त्या निमित्ताने माझं अक्षर तरी सुधारतंय.

कारखान्यातल्या धोक्यांचा तक्ता पुरा केला. एकेक काम घ्यायचं, त्यात काय बिघडेल, कितीदा बिघडेल, बिघडलं तर किती वाईट, हे ठरवून धोक्याला आकडा द्यायचा. एकशे बेचाळीस ओळी झाल्या. त्यातून दोन गळके व्हॉल्व्ह सापडले, ते बदललेही. सेफ्टी ऑफिसर म्हणून माझं कौतुक झालं.

तरी मला भीती वाटते, नाना. येत्या गुरुवारी, १५ तारखेला, जेवणाच्या सुट्टीनंतर नायट्रोजनची नवी लाइन पूर्ण दाबाने सुरू होणार. जादा वायू टाकीमागच्या पाइपातून बाहेर पडेल. तिथे कुणाचं काम नसतं, म्हणून मी त्याला सगळ्यात लहान आकडा दिलाय. माझी सही झाली की लाइन चालू. आपला धाकटा रूपेश ठेकेदाराकडून तिथेच फिटर आहे. माझ्याकडून काय राहिलं असेल?

आईला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.

तुमची
भाग्यश्री

एडवण, १४ मे २०२५

चि. भाग्यश्रीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं. पोस्टाच्या भरवशावर राहायला वेळ नाही, म्हणून हे शेजारच्या पारूच्या हाती देतो. ती उद्या मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात येते आहे. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून फोनवर सांगायला माझं मन धजत नाही.

तक्ता चांगला. आमच्या वेळी कवटीचं चित्र रंगवलं की सेफ्टी झाली. पण तू कामं लिहिलीस. मे महिन्यात माणसं बसतात कुठे, ते लिहिलंस का?

माझ्या हाताखाली चिंतू होता. अशाच एका पाइपापाशी तो दुपारी जाऊन बसायचा. इथं लई गार हाय, तुमी पण या, असं मला म्हणाला होता. मी चहा पिऊन गेलो, तर तो भिंतीला टेकून झोपलेला, तो उठलाच नाही. ना वास, ना धूर. नायट्रोजन हवेची जागा घेतो आणि माणसाला कळतही नाही. चौकशीत मी सांगितलं की तिथे कुणी बसत नसे. नोकरीची भीती होती. आज एकवीस वर्षांनी तुला पहिल्यांदा सांगतो आहे.

सही करण्याआधी जेवणाच्या सुट्टीत टाकीमागे जा. माझा राग आला तरी आधी जा.

तुझा
नाना

बोईसर, १५ मे २०२५

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

पारूमावशी दहा वाजता गेटवर आली. सुट्टी झाल्याबरोबर मी टाकीमागे गेले. तिथे ताडपत्रीचा आडोसा, खाली पुठ्ठे, खिळ्याला टांगलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि आईने दिलेला रूपेशचा निळा पंचा. सोमवारपासून कमी दाबाने चाचणी चालू होती. पाइपातून गार वारा येत होता. 

सगळ्यांना तिथून उठवलं. मॅनेजर चिडले, पण तक्त्यात माझ्या सहीशिवाय लाइन सुरू होत नाही, असं त्यांनीच लिहून घेतलं होतं. तो कागद आज उपयोगी पडला. मी सही केली नाही. चाचणीही बंद करायला लावली. पाइप उंच नेल्याशिवाय लाइन चालू होणार नाही. एकशे त्रेचाळिसावी ओळ लिहिली. कामाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, शेवटी 'बसणे' असं लिहिलं.

तुमचा राग नाही आला. भीती मात्र अजून गेलेली नाही. रूपेश हसत म्हणाला की काल त्याला तिथे अशी गाढ झोप लागली, की सोबतच्या केदारने दोनदा हलवलं तेव्हा कुठे जाग आली.

त्याला मी अजून चिंतूचं सांगितलेलं नाही. रविवारी तो घरी येईल तेव्हा तुम्ही सांगा. माझ्याच्याने होणार नाही.

आम्हा दोघांवर लोभ असू द्या.

तुमची
भाग्यश्री