सातची घरघर

मंगळवार, जेवणानंतर

आजही बरोबर सातला माझ्या कानातल्या मशीनमध्ये घरघर झाली. जवळचा मोबाइल वाजायच्या आधी ती होतेच, आणि यांचा मोबाइल शेजारीच, शर्टाच्या खिशात होता. पण तो वाजला नाही.

"कोणाचा होता?"

"कोणाचाच नाई. तुले भास होऊन राह्यले."

हे आंघोळीला गेले तेव्हा खुंटीवरच्या शर्टातून मी मोबाइल काढला. आवाज बंद करून ठेवलेला. आत मीनाचे फोन, रोज सातचे. नवऱ्याचं घर सोडून पोरगी हिंगणघाटला एकटी राहते, आणि हे सहा महिने मला सांगताहेत, "इसरली ते तुले." मी स्वतः फोन लावावा, तर मोबाइल कानाशी नेला की मशीन किंचाळते, आणि मशीन काढली की काहीच ऐकू येत नाही. म्हणून यांच्यावर विसंबले. मूर्ख मी!

जेवताना म्हणतात, "लई घरघर येत असन तं वर्ध्याले जाऊन नवी मशीन घेऊ."

"नको," म्हटलं. "पोरीचा तेवढाच आवाज येते मले."

यांचा घास हातातच राहिला. पोळी हवी का, ते मी विचारलं नाही.