मोठ्याने वाचलेलं फ्रेंच

बाबा, तुम्ही शिकलात तीच भाषा मी आता या वयात शिकतेय, पण क्लासला जाऊन. तुम्हाला हे पटलं नसतं. "पुस्तक असताना क्लास कशाला?" म्हणायचात. दिल्लीत दर्यागंजच्या फुटपाथवरून आणलेलं ते जाडजूड फ्रेंचचं पुस्तक सकाळी स्वयंपाकघरात डब्यांना टेकवून ठेवायचात आणि आई पोळ्या करत असताना मोठ्याने वाचायचात. रामकृष्णपुरमच्या आपल्या सरकारी क्वार्टर्समध्ये फ्रेंच येणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे चुकतंय हे सांगणारंही कोणी नव्हतं. आई फक्त म्हणायची, "अहो, जरा सरका, तवा तापलाय."

मी अकरावीत असताना तुम्ही मला प्रगती मैदानावरच्या प्रदर्शनाला नेलंत. ऑफिसचा कोट घातला होतात. बसमध्ये ओठांतल्या ओठांत वाक्यं घोकत होतात. फ्रेंच स्टॉलवर एक उंच गृहस्थ उभे होते, त्यांच्याशी तुम्ही बोलायला लागलात, कुठेही न अडखळता. मी अभिमानाने आजूबाजूला बघत होते. ते हसून ऐकत राहिले, मग शेजारच्या दुभाषी मुलीकडे वळून काहीतरी म्हणाले. ती संकोचून म्हणाली, "सर, ये पूछ रहे हैं, आप हिंदी में क्या कह रहे हैं?"

"कुछ नहीं," तुम्ही म्हणालात, "बस, थँक यू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक आपल्या जागी होतं आणि तुम्ही वाचतही होतात, पण मनातल्या मनात. आईने विचारलं, "आज आवाज नाही?" "घसा बसलाय," म्हणालात. त्यानंतर तुमचं फ्रेंच आम्ही कधीच ऐकलं नाही.

तुमचे जावई गेल्यापासून द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये मराठी बोलायलाही कोणी उरलेलं नाही. कामवालीशी हिंदी, सोसायटीत हिंदी, मुलगा रविवारी फोनवर अर्धं इंग्रजी बोलतो. वेळ जावा म्हणून मी मोबाइलवर फ्रेंच सुरू केलं, तुमच्यासारखंच एकटीने. बरोबर आलं की तो टुणकन वाजतो, चुकलं तरी वाजतो. त्याला कंटाळून मेट्रोने शनिवारच्या क्लासला जायला लागले. पहिल्याच दिवशी टीचरने 'खूप आभार' फळ्यावर फ्रेंचमध्ये लिहिलं आणि मला वाचायला लावलं. मोबाइलवर इतकं ऐकूनही तोंडातून तुमचाच उच्चार बाहेर पडला, शेवटच्या अक्षरासकट: "मर्सी ब्यूकूप." वर्ग हसला.

"आंटी, ये किसने सिखाया?" टीचरने विचारलं. माझ्या सुनेच्या वयाची असेल.

"पापा ने. किताब से, अकेले."

"अच्छा? पूरी किताब?" ती वर्गाकडे वळली. मग सगळ्यांना म्हणाली, "चलो, सब मिलकर बोलो. बोकू." सगळा वर्ग माझ्याबरोबर म्हणाला, माझा उच्चार नीट येईपर्यंत म्हणत राहिला. मला एकदम रडू आलं. खोकल्याचं निमित्त करून मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

मागच्या महिन्यात परीक्षा झाली. पुढची लेव्हल आता फक्त ऑनलाइन असते, घरी बसून, आपापल्या स्क्रीनसमोर. हे कळल्यावर मी टीचरला गाठून सांगितलं, "बेटा, मेरा अभी कच्चा है. फिर से इसी बैच में बैठूँगी." तिला ते खरं वाटलं. हे दुसऱ्या कोणाला सांगणार, आणि तुम्हाला तरी कुठल्या पत्त्यावर कळवणार? पण कच्चं काहीच नव्हतं, बाबा. सगळा पेपर आला होता.