सेंटरचा फॉर्म आणि बदलापूरची मॅच

सर, माझ्या टीमचं मनोबल सध्या तळाला गेलंय. टीम खरी नाही, संगणकातली आहे. वैताग मात्र अस्सल आहे. इंटरनेटवर बास्केटबॉलचा एक खेळ असतो, त्यात आपण बॉलला हातही लावायचा नाही, नुसतं मॅनेजर व्हायचं. बारा काल्पनिक खेळाडू सांभाळायचे, कुणाला किती मिनिटं खेळवायचं ते ठरवायचं, आणि मॅचआधी फर्मान सोडायचं: आरामात खेळा, नेहमीसारखं खेळा, की जीव तोडून. मी आपला दर मॅचला ‘जीव तोडून’. परिणाम असा की सगळी टीम रुसून बसली, आणि रिंगखाली उभं राहून ज्याने बॉल आत टाकायचा, ज्याच्यावर सगळा डोलारा, त्या माझ्या वयस्कर सेंटरच्या नावापुढे ‘फॉर्म: दयनीय’ असं लाल अक्षरांत येतंय. शनिवारची मॅच हरलो की आम्ही खालच्या गटात. पन्नाशीला टेकलेला माणूस अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये बसून एका आकड्याची मनधरणी करतोय.

बायको म्हणते, “घरातल्यांचं मनोबल कुठल्या रंगात येतं, तेही बघा एकदा.” या खेळातला माझा सल्लागार कॅम्प चारच्या सिंधी बाजारात मोबाईलची कव्हरं विकतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. “साईं, बुढ्ढे को बेच डाल. माल उठत नाही, तर काउंटरवर कशाला ठेवतो?” मी म्हटलं, विकत नाही, बेंचवर बसवतो, येईल ताळ्यावर. तीन मॅच बसवला. फॉर्म आणखी खाली. मग चिडून खेळाचे नियम पहिल्यांदा नीट वाचले, खेळायला लागून दोन वर्षं झाल्यावर. आपल्याकडे नियम हरल्यावरच वाचतात. तिथे लिहिलं होतं की बसवून ठेवलेल्याचा फॉर्म घसरतच जातो, त्याला एखाद्या बिनमहत्त्वाच्या मॅचमध्ये भरपूर खेळवा.

ते वाचलं आणि तुम्ही आठवलात. शाळेचं मैदान, एकच रिंग धड, मी दहावीत, तुमचा सेंटर, आणि तीन मॅच झाल्या तरी माझा एक बॉल आत जात नाही. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडता, “अरे, बॉल रिंगमध्ये टाकायचाय, देवीला नारळ नाही दाखवायचा!” पोरं खिदळतात. मग जवळ येऊन म्हणता, “रविवारी फायनल आहे. गुरुवारी आपली सातवी-आठवीची टीम बदलापूर गावात मैत्रीची मॅच खेळायला जातेय. तू त्यांच्याबरोबर जा. पूर्ण वेळ खेळ.” पूर्ण वेळ! त्या चिल्लर पोरांत, गावच्या मातीत! मला वाटलं, तुम्ही माझी धिंड काढताय. गुरुवारी सकाळी मी निरोप धाडला, ताप आलाय.

संध्याकाळी तुम्ही सायकलवरून बुवापाड्यात आमच्या खोलीवर आलात, हँडलला मोसंब्यांची पिशवी. मी गोधडीत. तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवलात, जरा जास्तच वेळ ठेवलात, आणि आईला म्हणालात, “वहिनी, झोपू द्या त्याला. रविवारी बघतो मी, सेंटरशिवाय.” फायनल आपण हरलो. मी पुन्हा टीममध्ये आलो नाही. आणि इतकी वर्षं चारचौघांत सांगत आलोय की सरांनी मला ऐन फायनलला बसवलं. किस्सा असा रंगवतो की लोक तुमची नक्कल पुन्हा करून दाखवायला सांगतात.

काल मी सेंटरला एका फडतूस टीमविरुद्ध मैत्रीच्या मॅचमध्ये पूर्ण वेळ उतरवलं. तो मुकाट खेळला. आकडाच तो, त्याला निरोप धाडता येत नाही. आज लाल अक्षरं गेलीत. शनिवारचं शनिवारी बघू. हे पत्र टाकणार तरी कुठे? तुम्ही गेलात तेव्हाही मी काहीतरी कारण काढून अंत्ययात्रेला आलो नव्हतो. हात ठेवल्यावर तुम्हाला कळलंच असणार, तरी एकदा माझ्या तोंडून: कपाळ गार होतं, सर. मोसंबी मात्र सगळी मीच खाल्ली, त्याच संध्याकाळी.