सहा दिवस इनासला, रविवार मिस्साला

मी, मर्सेलीन कैतान बारदेसकर, वय शहात्तर, धंदा घरकाम आणि दर रविवारी सोपा झाडणे, राहणार पुलाची शिरोली, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण चौथी पास. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कुठला?" मी म्हटलं, "सगळं विसरंन पर वार न्हाय. उद्या रविवार हाय, चटया टाकायच्यात." त्यांनी लगेच सही केली. हे लिहिताना माझ्यावर कुणाचा दाब नाही. असता तर बरं झालं असतं, कुणाला तरी बोल लावता आला असता.

कलम एक. घर.

एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, शेवग्याच्या झाडाजवळचं तीन खोल्यांचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझा एकुलता एक मुलगा इनास याला देते, सोमवार ते शनिवार. रविवारी दुपारी चार ते रात्री आठ पुढचा सोपा मिस्साला, म्हणजे फादर करतात त्या आमच्या प्रार्थनेला, देते.

असं मी आधी लिहिलं होतं. आमच्या गल्लीतले उदयसिंह वकील यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"आक्का, वार कुणाच्या नावावर हुईत न्हाय."

"का हुईत न्हाय? माझ्या बापाच्या हिरीचा झालता की."

हे खरं आहे. माझं माहेर गडहिंग्लजकडचं. तिघा भावांत एकच विहीर होती. वाटणीच्या कागदावर लिहिलेलं होतं, सोमवार-गुरुवार आमच्या बाचे, मंगळवार-शुक्रवार मधल्या काकाचे, बुधवार-शनिवार धाकट्याचे. रविवारी मोट बंद, कारण सगळे देवळात. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. साठ वर्षांत पाण्यावरून एक शिवी निघाली नाही. मी वकिलांना म्हटलं, हिरीचा वार होतोय तर घराचा का होऊ नये?

वकील हसले नाहीत. म्हणाले, "आक्का, हीर रातीत परत भरती. घर एकदा इकलं की इकलं. मग तुमचा रविवार कुठं ठेवशीला?"

मी कागद उलटा करून ठेवला.

ते म्हणाले, अट म्हणून लिहिता येईल, पण इनासनं पाळली नाही तर कुणीतरी त्याच्यावर दावा लावायला पाहिजे. माझ्या लेकावर दावा कोण लावणार? पातरस? त्याचं रेशनकार्डसुद्धा इथलं नाही.

पातरस केरकेट्टा कोण ते पुढं येईल. आधी मिस्सा इथं कशी आली ते लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला म्हातारी उगीच हट्ट करते असं वाटायचं नाही.

माझे मालक कैतान फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे भरणारे, होते. एकोणनव्वद साली वितळलेलं लोखंड उडून त्यांचा पाय भाजला. कोल्हापूरच्या देवळातले फादर रविवारी संध्याकाळी स्कूटरवरनं त्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, द्यायला आले. बातमी लागून कैतानबरोबर काम करणारे सात जण आले. फादर म्हणाले, एवढी माणसं आहेत तर मिस्साच करूया. पुढच्या रविवारी सतरा आले. मालकांचा पाय दोन महिन्यांत बरा झाला. मिस्सा काही थांबली नाही.

देऊळ कोल्हापुरात आहे, मोठं आहे, तिथं रविवारी सकाळी मिस्सा असते हे मला माहीत आहे. पण इथल्या फाउंड्रीची सुट्टी सोमवारी. रविवारी सकाळी ही माणसं काळ्या वाळूत साचे भरत असतात. साडेचारला शिफ्ट सुटते, तोंडं धुऊन साडेपाचला सोप्यात. कानामागची काजळी तशीच असते. पूर्वी आमच्या गडहिंग्लज-आजऱ्याकडची माणसं होती, आता बहुतेक झारखंड आणि ओडिशाची. पन्नास-साठ जोड चपला दारात असतात. भाषा कळत नाही, गाणी मात्र मराठी म्हणतात आणि आपल्यापेक्षा मोठ्यानं म्हणतात.

मिस्सा झाल्यावर चहा. चहा होईस्तोवर कुणाला खोली मिळते, कुणाच्या पोरीचं नाव ठरतं. आणि एक नियम आहे, तो कैताननं लावला. कुणी दोन रविवार दिसला नाही तर दोघांनी त्याच्या खोलीवर जाऊन बघून यायचं. मुलखापासून लांबचा माणूस आजारी पडला तर दोघांनाच कळतं, मुकादमाला आणि आम्हाला. मुकादम खाडा मांडतो. आम्ही भात घेऊन जातो. पातरस असाच सापडला, आठ दिवसांच्या तापात, कडी आतनं लावलेली. दार मोडायला लागलं. आज तो बायकोपोरांसकट येतो आणि बाजाच्या पेटीजवळची जागा कुणाला देत नाही.

गेल्या महिन्यात त्यानं विचारलं, "आज्जी, घर बिक गया तो हम संडे को कहाँ जाएँगे?" मी म्हटलं, चहा घे, थंड होतोय.

कलम दोन. घर पूर्ण इनासला, सातही दिवस, विनाअट.

इनास चाकणला नोकरीला आहे. तिथं त्याचा फ्लॅट आहे. तो इथं परत येणार नाही आणि यावा असं मी म्हणत नाही. शेजारच्या प्लॉटचे हंबीरराव हे घर विकत मागत आहेत, त्यांना गोडाऊन करायचं आहे. इनासनं मला चोरून काही केलं नाही. फोनवर सांगितलं, "आई, तू हायेस तोवर कुणी हात लावत न्हाय. पर नंतर कुलपात ठेवून वाळवीला घालू का?" बरोबर आहे त्याचं. मी फादरना सांगून बघितलं. फादर म्हणाले, "आक्का, तुम्ही सगळं घर दिलं तर चर्चचा धर्मप्रांत घेईल. पण लेकाच्या हातातून काढून दिलेल्या घरात मला मिस्सा करवणार नाही." तेही बरोबर. सगळेच बरोबर बोलतात, त्यामुळं मला भांडायला माणूसच उरला नाही.

मी पूर्ण घर चर्चला देऊ शकते. माझ्या नावावर आहे. तरी देत नाही, त्याचं कारण इनासनं वाचावं म्हणून लिहिते.

इनास, तू दहा वर्षांचा होतास तेव्हा मिस्सा घरात आली. त्या दिवसापासून दर रविवारी खाट बाहेर काढायची, दप्तर माळ्यावर टाकायचं, चटया झटकायच्या, हे काम तुझं. गल्लीतली पोरं क्रिकेटला बोलवायची. तू पायरीवरनं "मिस्सा हाय" म्हणायचास. दहावीच्या गणिताच्या पेपरला सोमवारी जायचं होतं आणि आदल्या संध्याकाळी तू न्हाणीत दिवा लावून बसलास, कारण सोप्यात ख्रिस्तजयंतीसारखी गर्दी होती. एकदा तू म्हणालास, "आई, देवाला स्वतःचं घर न्हाय का?" मी तुझ्या थोबाडीत मारली. देवाबद्दल बोललास म्हणून मारली असं मी तेव्हा सांगितलं. खरं म्हणजे मला उत्तर आलं नाही म्हणून मारली.

तुझे रविवार मी तुला न विचारता वापरले. एकदाही विचारलं नाही. आता मेल्यावर आणखी कुठल्या तोंडानं मागू? म्हणून घर तुझं. खुशाल वीक.

कलम तीन. टेबल आणि थापी.

ज्या टेबलावर मिस्सा होते ते फाउंड्रीत लाकडी नमुने करणाऱ्या पॅटर्न शॉपमधल्या आकाराम सुतारांनी उरलेल्या सागवानातून करून दिलं. एक पाय आखूड आहे, खाली घडी घातलेला पुठ्ठा घालावा लागतो. टेबल, पुठ्ठा आणि मालकांची साचा सारखा करायची थापी पातरसला द्यावी. त्याच्या खोलीत टेबल मावणार नाही हे मी मोजून बघितलं आहे. तरी त्यालाच द्यावं.

कलम चार. घंटा.

घंटा कैताननं ओतलेली आहे, बिडाची. आवाज घंटेसारखा येत नाही, पातेलं पडल्यासारखा येतो. ती माझी नात रोजलीन हिला.

आता रोजलीनविषयी लिहिते, वकील म्हणाले थोडक्यात लिहा, पण कागद माझा आहे. ती नऊ वर्षांची आहे, इंग्रजी शाळेत जाते, दिवाळीच्या सुट्टीला आली आहे. गेल्या रविवारी तिनं मिस्सात बायबलमधलं पहिलं वाचन केलं, मराठीतनं! अक्षरावर बोट ठेवून वाचत होती, अडली की माझ्याकडं बघायची, आणि मला तर चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, मी आपली मान हलवत होते. संपल्यावर साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. मिस्सात टाळ्या वाजवत नाहीत. फादरनीपण वाजवल्या. मग तिनं घंटा तीनदा वाजवायची ती सात वेळा वाजवली आणि मला येऊन म्हणाली, "आज्जी, पुढच्या संडेला पण मीच हं." मी इतकी हसले की कवळी हातात धरावी लागली. तिला अजून घराचं कुणी सांगितलेलं नाही. मीपण नाही सांगितलं.

कलम पाच. मोठं पातेलं आणि साठ स्टीलचे कप शेजारीण धोंडुबाई हिला.

वरचं कलम रद्द. खाडाखोड माझ्या हातची आहे. कारण पुढं साक्षीदारांच्या ठिकाणी लिहिलं आहे.

कलम सहा. पाटल्या दोन. एक सुनेला, एक रोजलीनला. पोस्टात जे असेल ते माझ्या मातीला लावावं, उरलं तर चहासाखरेला. बाजाची पेटी मिस्सात गाणं धरणाऱ्या लुसीबाईला द्यावी, या अटीवर की तिनं गाणं एक पट्टी खाली धरावं. वीस वर्षं तिच्या सुरापाठी आमचा गळा फाटतोय. ही अट कोर्टात टिकत नसेल तरी तिला वाचून दाखवावी.

कलम सात. एक रविवार.

सगळे रविवार मागता येत नाहीत म्हणून एक मागते. मी कुठल्याही वारी मेले, तरी माती झाल्यावर जो पहिला रविवार येईल त्या दिवशी घराला कुलूप नसावं. किल्ली धोंडुबाईकडं ठेवावी. साडेपाचला मिस्सा व्हावी, चहा व्हावा, दोन रविवार कोण दिसला नाही ते विचारावं. रोजलीनला घंटा वाजवू द्यावी, कितीही वेळा. मग चटया ज्यानं त्यानं वाटून न्याव्यात. सगळ्या चपला दारातनं गेल्यावर कुलूप इनासनं लावावं.

इनास, खाट बाहेरच राहू दे. आत आणायची गरज नाही.

साक्षीदारांविषयी.

उदयसिंह वकिलांनी सांगितलं की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात जो साक्षीला सही करतो त्याला त्यातलं काही मिळत नाही. त्याच्या नवरा-बायकोलाही नाही. म्हणजे ज्याला काही द्यायचं नाही असा माणूस शोधायचा. मी तर सगळ्यांना काही ना काही लिहून ठेवलेलं.

धोंडुबाई भिंतीपलीकडनं ऐकत होती. छत्तीस वर्षं ऐकतीच आहे. पहिल्या वर्षी तिच्या दारात चपला सुटल्या म्हणून तिनं त्या गटारीत फेकल्या होत्या आणि मी तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. पुढं तीच चपलांवर लक्ष ठेवायला लागली, कारण कुत्री न्यायची. ती आत आली नि म्हणाली, "पातेलं खोड जा. मी देते अंगठा."

मी म्हटलं, "अगं, पातेलं तुला बरं पडंल, लेकीच्या लग्नाला."

"व्हय, आणि रविवारी सांच्याला ते रिकामं पातेलं बघत बसू व्हय गं? खोड म्हटलं न्हवं!"

म्हणून खोडलं. पातेलं कुणाला द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

दुसरा साक्षीदार मिळेना. मिस्साला येणाऱ्या प्रत्येकाला चटई तरी जाते. शेवटी वकील हंबीररावांनाच घेऊन आले, कारण त्यांना माझ्याकडनं फुकट काहीच मिळणार नाही. ते आज मिस्सा चालू असताना आले. पायरीवर बसायला जागा नव्हती, शेवग्याखाली उभे राहिले. इनास आज इथंच आहे. चार वाजता मी सांगायच्या आत त्यानं खाट उचलून बाहेर नेली. मग चटयाही झटकल्या.

माणसं गेल्यावर हंबीररावांनी चष्मा लावून सातवं कलम दोनदा वाचलं. मोठ्या आवाजाचा माणूस, पण हळू बोलले. "एकच रविवार लिवलाय काय आक्का? दोन लिवा की. मी थांबतो. व्यवहारात काय एवढं अडत न्हाय."

मी म्हटलं, "नको हंबीरराव. दोन दिलंत तर तिसरा मागू वाटंल."

हंबीररावांनी कागद टेबलावर ठेवला. खिशातनं पेन काढलं.

वरील मजकूर मी परत वाचला, खाडाखोडीसकट माझा आहे. आज सगळ्या मृतांचा दिवस. सकाळी कैतानच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आले, त्यांना सगळं सांगितलं.

सही: मर्सेलीन कैतान बारदेसकर

साक्षीदार १: धोंडुबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा (पातेलं सोडून)
साक्षीदार २: हंबीरराव, शेजारचे प्लॉटवाले, सही. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: "त्या रविवारी मीही येईन. चपला बाहेर काढीन."

ठिकाण: पुलाची शिरोली, पुढचा सोपा
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५, रविवार