बिनदोऱ्याची शिलाई

तीर्थरूप छाया आत्याले आदेशचा नमस्कार.

पाया पडतो, पण पहिले कबूल करतो, नाई त मंग तू पाय वढून घेशीन. तेरा वर्षांपहिले तुले पुलगावले शिवण शिकवाच्या नोकरीची चिठ्ठी आलती. ती माया हातानं फाटली. इकडे सगळे मजेत हाय. तुया गुडघा कसा हाय? (दोन गल्ल्या सोडून राहतो अन् चिठ्ठी लिहून राह्यलो, हासू नको. तोंडानं सांगाले तीनदा आलतो, तीनदा चहा पिऊन परत गेलो.)

मी तवा नऊ वर्षांचा. आईनं मले उन्हाळ्यात तुयाकडं शिवण शिकाले बसवलं (शिकाले कायचं, लोकायच्या छपराच्या कवेलूवर गोटे पडू नये म्हणून). आठ पोरी अन् एक मी. बूड स्टुलावर ठेवलं का पाय पायडलले पुरे नाई, पाय पुरला का बूड हवेत. चाक उलटं फिरलं का तुयी पट्टी मानेवर. तुया नियम पक्का होता: पहिला महिना बिनदोऱ्याची मशीन. नुसती सुई, कागदावर, रेघेरेघेनं. पोरी वहीच्या पानावर करत. माया वहीत पानंच नोयती, सारे विमान होऊन उडून गेलते. त्या दिवशी तू गिऱ्हाईक कोकिळाच्या घरी माप घ्याले गेलती, अन् पोस्टमन हरिदासकाकानं पाकीट माया हातात देल्लं. मी फोडलं. आत टाइपाच्या इतक्या सरळ ओळी, आत्या, का मले राह्यवलंच नाई. एकूणएक ओळीवर सुई चालवली, एक टाका बी बाहेर गेला नाई. तू पाह्यलं असतं त शाबासकी देल्ली असती. मंग कागद उचलला, त पावतीपुस्तकावानी ओळीओळीनं हातात आला.

तू पुलगावले चौकशी केली तवा जागा भरली होती. काका म्हणे, "पोरापाशी देल्ली." तू मले विचारलं. मी म्हणलं, "मले नाई देल्ली." बस, इतकंच. तवापासून तू लोकायचे परकर शिवून राह्यली, अन् काकाले तुया घरचं पाणी नाई.

दिवाळीपासून मी काकाचा बदली पोस्टमन हावो, काम शिकाले फेरीवर त्यायच्या संगटच फिरतो (दहावीले दोनदा बसलेला पोरगा, तरी घेतला). पहिल्या दिवशी झोला माया गळ्यात घातला अन् म्हणाले, "चिठ्ठी ज्याच्या नावाची त्याच्याच हातात देजो. पोराच्या हातात कदीच नाई." मायाकडं पाह्यलं बी नाई, सायकलची हवा दाबून पाहत होते. त्याच सांजेले मी तुयाकडं पहिला चहा पिऊन परत गेलो.

तुया (ठेवला त) भाचा,
आदेश

ता. क. शनिवारी काका रिटायर होऊन राह्यले. आखरी फेरीत तुयाकडं येतीन. त्यायले घरात बोलावजो, चहा देजो. बशीसंगट.

ता. क. चिठ्ठीच्या पट्ट्या संगट ठेवल्या. इतके वर्षं बॉबिनच्या डबीत होत्या. सगळ्यात सरळ शिलाई 'वेळेवर हजर राहावे' या ओळीवर हाय.

ता. क. हे पाकीट उद्या मीच तुया हातात देईन. काका फाटकाबाहेर सायकल धरून उभे राहतीन, दारात वाचजो नको. अन् आईले सांगू नको. त्या आठ पोरीयले सांगू नको, आता त्यायचे नवरे बी मले ओळखतेत. काकाले सांगाचं कामच नाई, त्यायले पहिल्यापासून माहीत हाय. बाकी कोणाले नको सांगू आत्या, पाया पडतो.